हेडलेस गिटारची तार पुन्हा पुन्हा उतरते? नॉब पिळण्याआधी लॉक तपासा

तक्रार साधारण अशी असते. छोटी हेडलेस, म्हणजे खुंट्यांचं डोकं नसलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली, तारा बदलल्या, ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दिव्यावर आणल्या. दोन गाणी झाली, एक मोठा बेंड मारला (तार बोटाने बाजूला ओढून स्वर चढवला) आणि तिसरी तार उतरली. ब्रिजवरचा, म्हणजे बॉडीवर तारा धरणाऱ्या भागावरचा नॉब फिरवून ती वर आणली, ती परत उतरली. असं करता करता एक दिवस नॉब शेवटाला टेकतो, पुढे फिरतच नाही आणि तार मात्र अजून सुरात नसते. मग ब्रिजच खराब आहे असं ठरवून लोक नवा ब्रिज शोधायला लागतात.

नवा ब्रिज मागवण्याआधी अर्धा तास द्या. या दुखण्यात ब्रिज बहुतेक वेळा निर्दोष असतो. तार दुसऱ्या टोकाला, नटच्या (मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) मागच्या लॉकमधून, डोळ्याला जाणवणारही नाही एवढी सरकत असते. नॉब हाताशी असतो म्हणून आपण तोच फिरवत बसतो आणि लॉककडे कोणी बघत नाही.

हे असं का होतं, हे आधी समजून घ्या. साध्या गिटारला तार खुंटीवर दोन-तीन वेढे घेते. ते वेढे एकमेकांवर आवळतात आणि तारेला धरून ठेवतात. हेडलेसला खुंटीच नाही. नटच्या मागे एका छोट्या ग्रब स्क्रूखाली (माथा नसलेल्या, षटकोनी भोकाच्या स्क्रूखाली) तार दाबलेली असते आणि सूर लावायचा तो तारेचं बॉलवालं (धातूचा छोटा मणी अडकवलेलं) टोक ब्रिजमध्ये मागे ओढून. तंबोरा लावणाऱ्यांना हे लगेच कळेल: खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि मण्याने बारीक मिळवायचा, ही तिथली पद्धत. हेडलेसवर सगळा कारभार मण्यावरच चालतो आणि खुंटीच्या जागी एक स्क्रू तार घट्ट धरून बसलेला असतो. त्याची पकड ढिली पडली की मणी कितीही सरकवा, सूर टिकत नाही.

किती सरकलं तर किती उतरतं, याचं गणित मांडता येतं आणि ते मांडल्यावर तिसरीच तार इतकी का छळते तेही कळतं. २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर स्केलच्या (नट ते ब्रिज अंतराच्या) गिटारवर ०.०१० इंच जाडीची पहिली तार सुरात आणायला ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास ताणावी लागते. ती लॉकमधून अर्धा मिलिमीटर सरकली तर साधारण अर्धा स्वर खाली येते. ०.०१७ इंचाची साधी (वेटोळं नसलेली) तिसरी तार जाड आहे, पण तिच्यावरचा ताण जवळपास पहिलीइतकाच असतो. त्यामुळे सुरात येताना ती जेमतेम १.६ मिलिमीटर ताणली जाते. तिला अर्धा स्वर उतरायला ०.२ मिलिमीटरहून कमी सरकणं पुरतं. म्हणजे लॉकमधला दोष तोच असला तरी तिसरी तार पहिलीच्या जवळपास तिप्पट बेसूर होते. ‘माझी फक्त तिसरी, जी स्ट्रिंगच उतरते, बाकीच्या ठीक आहेत’ असं कोणी म्हटलं तरी मी सहाही लॉक तपासायला सांगतो, ते यासाठी.

आधी निदान

पहिला प्रश्न: एकच तार उतरते, की सगळ्या मिळून? सगळ्या मिळून उतरत असतील तर लॉकला दोष देऊ नका. कारण मान, हवामान किंवा ट्रेम (दांडीने हलवता येणारा ब्रिज) यांपैकी काहीतरी असतं, त्याकडे पुढे येतो. एक किंवा दोनच तारा उतरत असतील तर संशय लॉकवर.

तरंगत्या ट्रेमवर एक गोष्ट उलटी दिसते. तिथे सगळ्या तारांचा ताण मिळून मागच्या स्प्रिंगांशी तोल साधतो. एक तार लॉकमधून सरकून सैल झाली की स्प्रिंगा ब्रिजला थोडं मागे ओढतात आणि बाकीच्या पाच तारा किंचित चढतात. एक उतरलेली आणि पाच चढलेल्या असं दिसलं तर त्या पाचांना हात लावू नका. गुन्हेगार ती एकच. तपासणीपुरता ट्रेम स्थिर करून घ्या: त्याचं लॉक असेल तर ते लावा, नसेल तर ब्रिजच्या ठोकळ्याखाली लाकडाची चीप बसवा.

दुसरी गोष्ट मार्करची. लॉकमधून तार बाहेर पडते तिथे, तारेच्या उरलेल्या शेपटीच्या बाजूला, स्क्रूच्या अगदी कडेला पर्मनंट मार्करने एक बारीक ठिपका द्या. काळा ठिपका स्टीलवर नीट दिसत नसेल तर नेलपॉलिश घ्या. तार सुरात आणा आणि बाराव्या पडद्याजवळ पूर्ण स्वराचे जोरदार बेंड मारा, जरा निर्दयपणे. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपका मोठा करून बघा. ठिपका स्क्रूखाली शिरू लागला असेल, त्याचा काठ कापल्यासारखा दिसत असेल, तर निदान झालं. एवढी स्वस्त आणि एवढी खात्रीची दुसरी चाचणी मला माहीत नाही.

ठिपका जागचा हलला नाही आणि तार तरीही उतरली, तर तीन शक्यता राहतात. तार नवी आहे आणि अजून ताणली जाते आहे. बॉल ब्रिजच्या खाचेत नीट बसलेला नाही. किंवा सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते त्या भागावर) तारेला तीव्र वाकण आहे आणि ते हळूहळू बसतं आहे. बॉल नीट बसला आहे का, हे तार सैल करूनच दिसतं. कधी कधी तो खाचेच्या कडेवर तिरका अडकतो, सूर लावताना तिथेच टिकतो आणि बेंड मारल्यावर अर्धा मिलिमीटर खाली घसरतो. बॉलपाशी तारेला जो पीळ दिलेला असतो तो सॅडलच्या माथ्यावर येत असेल तर तीही गडबड आहे. पीळ सॅडलच्या मागेच राहायला हवा.

साध्या गिटारवर अशा वेळी पहिला संशय नटच्या खाचेवर जातो. तार तिथे अडकते, बेंडनंतर पूर्ण परतत नाही. हेडलेसवर नट आणि लॉक यांच्यामध्ये तारेचा इवलासा तुकडा असतो, त्यामुळे ही अडचण फारशी उरत नाही. म्हणून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासण्यात वेळ घालवू नका. आधी लॉक.

तार लॉकमध्ये बसवण्याची पद्धत

लॉक दोन तऱ्हांचे जास्त दिसतात. एकात ग्रब स्क्रूचं टोक थेट तारेवर दाबतं. दुसऱ्यात स्क्रू आणि तार यांच्यामध्ये स्टीलचा छोटा ठोकळा असतो. दुसरा प्रकार चांगला, कारण आवळताना ठोकळा फिरत नाही, फक्त खाली दाबला जातो. पहिल्या प्रकारात स्क्रूचं टोक फिरता फिरता तारेला बाजूला ढकलतं आणि तिच्यावर चरे पाडतं. पातळ तारा अगदी लॉकच्या तोंडाशी तुटत असतील तर कारण हेच. तो स्क्रू बाहेर काढून टोक बघा. कड धारदार किंवा खडबडीत असेल तर बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत आणि सपाट करा. काही जण मध्ये पितळेच्या पत्र्याचा चिमुकला तुकडा ठेवतात. पितळ मऊ असल्यामुळे तारेभोवती बसतं आणि पकड सुधारते. मला हा उपाय पटतो, फक्त तुकडा हरवू नये म्हणून तार बदलताना खाली पांढरं फडकं पसरा.

तार बसवण्याआधी ब्रिजचा नॉब पूर्ण सैल करा, म्हणजे बॉल धरणारा भाग मानेकडे जाईल तेवढा पुढे जाऊ द्या. मग एक-दोन वेढे मागे घ्या, नाहीतर तो टोकाला रुतून बसतो. बॉल खाचेत ठेवा, तार सॅडलवरून, नटच्या खाचेतून लॉकमध्ये घाला. लॉकखाली येणारा भाग आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. बोटाचं तेल आणि बाजारात मिळणारं तारांचं वंगण, दोन्ही इथे घात करतात. कोटिंगवाल्या तारा असतील तर तेवढाच भाग पॉलिश पेपरने हलका घासा. कोटिंगमुळेच तार निसटते.

आता नाकपक्कडीने शेपूट धरा आणि तार ताठ ओढा. नुसती सरळ करून भागत नाही, ती छेडली की खालच्या पट्टीतला का होईना, एक ओळखता येईल असा स्वर ऐकू यायला हवा. तो ताण तसाच धरून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळा. एकट्याने करताना हात अपुरे पडतात, म्हणून गिटार टेबलावर टॉवेलवर आडवी ठेवून हे करावं.

ॲलन कीचा (एल आकाराच्या षटकोनी चावीचा) लांब दांडा स्क्रूत घाला आणि आखूड दांड्याने फिरवा. यात जोर आपोआप मर्यादित राहतो. तार सुरात आल्यावर ॲलन की उलटी धरून शेवटचा किंचित आवळ द्या. दाबाखाली तार जराशी चपटी होते, म्हणून हा दुसरा आवळ गरजेचा असतो आणि बहुतेकांकडून तोच राहून जातो. अंगातली सगळी ताकद मात्र लावू नका. स्क्रूच्या षटकोनी भोकाचे कोपरे गेले की तो स्क्रू बाहेर काढणं हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं.

ॲलन की कुठल्या मापाची आहे याची खात्री करा. काही हार्डवेअर मिलिमीटरमध्ये असतं, काही, विशेषतः अमेरिकन धाटणीचं, इंचात. २ मिलिमीटर आणि ५/६४ इंच जवळपास सारखेच, तिथे चालून जातं. पण ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर. ही की २.५ मिलिमीटरच्या भोकात सैल बसते, पहिल्या दिवशी काम करते आणि हळूहळू भोक गोल करते. की बसवल्यावर ती डुगडुगते का, हे बोटाला कळतं.

जाड तारांमध्ये गाभा वेगळा आणि वरचं वेटोळं वेगळं. स्क्रू वेटोळ्यावर दाबतो आणि गाभा आतून सरकू शकतो. अशा तारेची शेपूट कापण्याआधी लॉकच्या बाहेर नाकपक्कडीने काटकोनात मोडा आणि मोडीच्या पलीकडे कापा. वेटोळं उसवत नाही आणि गाभाही धरला जातो. साध्या तारांचीही शेपूट सेंटिमीटरभर ठेवावी. अगदी कडेला कापली तर पुढच्या वेळी मार्करचा ठिपका द्यायला जागा राहत नाही. टोक बोटाला टोचणार नाही असं खाली वळवा.

तार सुरात आली की मधोमध बोटाने वर उचलून ताणा, सूर परत लावा, पुन्हा ताणा. सूर हलायचा थांबेपर्यंत हे करायचं. एवढं सगळं करूनही त्याच जागी तीच तार सरकत असेल तर शेजारच्या लॉकमधला स्क्रू काढून तिथे घालून बघा. दोष स्क्रूबरोबर गेला तर स्क्रू बदला, दोष जागेवरच राहिला तर लॉकचे आटे गेलेत.

नॉब शेवटाला टेकला तर

हा वेगळा बिघाड नाही. तार सैल असताना लॉक केली, किंवा लॉकमधून सरकत राहिली, की नॉबची सगळी फिरत खर्च होते. नॉबला मुळातच थोडे मिलिमीटर मिळालेले असतात. पहिली तार शून्यापासून सुरात आणायलाच साडेचार मिलिमीटर लागतात, हे वर आलं आहे. तार हाताने ओढून लॉक केली तर त्यातला बराच भाग तिथेच भागतो. म्हणून नॉब पूर्ण मागे घ्या, लॉक सोडा, तार परत ओढून लावा. तार सुरात असताना नॉब त्याच्या फिरतीच्या पहिल्या निम्म्यात असावा, म्हणजे पुढे ताणायला आणि गरज पडली तर ट्यूनिंग बदलायलाही वाव राहतो.

इथे दोन बॉलवाल्या तारांचा विषय येतो. नेड स्टाइनबर्गर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये कार्बन फायबरचा हेडलेस बेस घडवला आणि पुढे त्याच रचनेच्या गिटारी आल्या, त्यांत तारेच्या दोन्ही टोकांना बॉल असतो. आवळायला स्क्रूच नसल्यामुळे तिथे सरकण्याचा प्रश्नच येत नाही, तार बदलायलाही फार वेळ लागत नाही. पण तारेची लांबी ठरलेली हवी आणि अशा तारा आपल्याकडच्या दुकानात सहज हाती लागत नाहीत. म्हणून बरेच जण अडॅप्टर लावून साध्या एका बॉलच्या तारा वापरतात. अडॅप्टर लावला की तुमची गिटार परत स्क्रूच्या लॉकवर आली आणि वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू झालं. दोन बॉलच्या तारेवर नॉब शेवटाला टेकत असेल तर तारेची लांबी त्या ब्रिजसाठी बरोबर आहे का, तेवढंच तपासा.

नॉब जड फिरत असेल

घाम, मीठ आणि धूळ आट्यांमध्ये बसते. आपल्या दमट हवेत, खास करून मुंबई-कोकण-गोव्याच्या पट्ट्यात, हे फार लवकर होतं. तार काढा, स्क्रू पूर्ण बाहेर घ्या, जुन्या टूथब्रशने आटे साफ करा आणि पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त ते लवकर वाळतं. लॉकच्या आसपास तेलाचं बोटही नेऊ नका. जड नॉब पक्कडीने फिरवायची सवय लावून घेऊ नका. नॉबवरची खरखरीत पकड झिजते, मग तो बोटाने फिरतच नाही.

गंजलेले ग्रब स्क्रू बदलताना लोक हौसेने स्टेनलेस घेतात. ते गंजत नाहीत हे खरं, पण काळ्या कडक स्टीलच्या स्क्रूपेक्षा त्यांचं भोक लवकर गोल होतं. घ्यायचेच तर चार-पाच जास्त घेऊन ठेवा.

घरी सुरात, तालमीला पोचेपर्यंत बेसूर

हे फक्त छोट्या हेडलेसचं दुखणं आहे आणि याचा लॉकशीही संबंध नाही. गिटारला डोकं नाही, त्यामुळे भिंतीवरच्या नेहमीच्या हुकला ती टांगता येत नाही. मग ती सोफ्याला टेकवून ब्रिजकडच्या टोकावर उभी केली जाते. त्या टोकाला काय आहे? नॉब. सगळं वजन त्यांच्यावर. बॅगेतही गिटार उभीच असते. लोकलच्या गर्दीत बॅग दोन पायांमध्ये धरून उभं राहिलं की प्रत्येक धक्क्याला नॉब तळाशी घासतात आणि थोडे थोडे फिरतात. जुन्या योगा मॅटचा जाड तुकडा कापून, नॉबच्या जागी खोबण करून बॅगेच्या तळाशी बसवा, म्हणजे वजन बॉडीच्या कडांवर येईल. घरी स्टँड घेणार असाल तर बॉडीला खालून आधार देणारा, पण नॉब मोकळे ठेवणारा घ्या.

सगळ्या तारा मिळून उतरत असतील

एसीतून गरम मांडवात गेलात तर तारा उतरणारच. स्टील तापलं की लांबतं, लाकडाची मान तेवढी लांबत नाही. वरच्याच गणितामुळे यातही तिसरी तार जास्त उतरते. गिटार बाहेर काढून वीस मिनिटं तशीच ठेवा, मग सूर लावा. आधी लावलेला सूर फुकट जातो.

पावसाळ्यात मान हलते. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच तारेवर दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्याशी तार आणि पडदा यांमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक. ती खूप वाढली असेल किंवा तार पडद्याला टेकत असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) बघावा लागेल. काही हेडलेस गिटारांत त्याचं तोंड मानेच्या बॉडीकडच्या टोकाला असतं, काहींत हेडपीसच्या (नटमागच्या, लॉक असलेल्या धातूच्या भागाच्या) खाली. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि दिवसभर थांबून परत मोजा. मान संपूर्ण कार्बन फायबरची असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, त्या मटेरियलला दमटपणाचं देणंघेणं नसतं.

ट्रेमवर सगळ्या तारा एकदम चढल्या किंवा उतरल्या तर मागच्या स्प्रिंगा आणि त्यांचा ताणाचा स्क्रू तपासा. आधीपेक्षा जाड किंवा पातळ तारांचा सेट लावला असेल तर तोल बिघडणं स्वाभाविक आहे.

नवा लॉक मागवायचाच झाला तर

आटे गेले असतील, किंवा हेडपीसचा धातू इतका मऊ असेल की स्क्रूखाली खड्डा पडला असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता हेडपीस बदला. मागवण्याआधी तीन मापं घ्या: नटवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर, बसवायच्या स्क्रूंच्या भोकांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि नटपासून मानेच्या टोकापर्यंत उरलेली जागा. फोटोवरून सगळे हेडपीस सारखेच दिसतात. भोकं दोन मिलिमीटर इकडे तिकडे असतील तर जुनी बुजवून नवी पाडावी लागतात आणि मानेच्या टोकाला लाकूड तसंही कमीच असतं, तिथे ते चिरू शकतं. मापं जुळणारा हेडपीस मिळत नसेल तर तोवर गेलेल्या आट्यांच्या जागी एक माप मोठे आटे पाडून जाड ग्रब स्क्रू बसवता येतो. लेथवाल्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. फक्त हेडपीस गिटारवरून काढून न्या, म्हणजे धातूचा कीस पिकअपच्या चुंबकाला चिकटणार नाही.